एल्ममध्ये लिहिलेल्या वेब ॲपचं रूप: सीएसएस बाहेर ठेवावी की भाषेच्या आत आणावी?

कापूसकोंड्या (राळेगाव, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी वेब ॲप लिहितो आहे. कापसाची गाडी आवारात आली की टोकन, मग काटा, मग ओलावा आणि प्रत, मग पावती आणि शेवटी चुकारा. प्रत्येक टप्पा शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावा आणि काट्यावरच्या माणसाला तो ऑफिसातल्या संगणकावरून भरता यावा, एवढं काम आहे.

भाषा एल्म घेतली. ब्राउझरमधली ॲप लिहायची ही फंक्शनल भाषा, म्हणजे सगळं फंक्शनांतून बांधायचं. हंगामात गाड्यांची रांग लागलेली असताना पडदा पांढरा पडून चालत नाही, आणि एल्ममध्ये एकदा कंपाइल (म्हणजे तपासून ब्राउझरला चालेल अशा रूपात) झालेलं सहसा चालता चालता कोसळत नाही. मॉडेल (सध्याची माहिती), अपडेट (ती बदलणं), व्ह्यू (ती दाखवणं) ही मांडणी माझ्यासोबत काम करणाऱ्या बीएस्सीच्या मुलीलाही लवकर समजली. गाडी कोणत्या टप्प्यावर आहे हा कस्टम टाइप आहे, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची बंद यादी. एखादा टप्पा हाताळायचा राहिला तर कंपायलर पुढे जाऊच देत नाही.

पण दिसण्याच्या बाजूला, म्हणजे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसकडे आलो की ही सगळी शिस्त संपते. ज्या नावाने सीएसएसचा नियम पानातल्या घटकाला लागतो त्या क्लासच्या नावात एक अक्षर चुकलं तर कोणी काही बोलत नाही, पान नुसतं विस्कटलेलं दिसतं. मला चार रस्ते दिसतात. वेगळी सीएसएस फाईल ठेवून एल्ममधून फक्त क्लासची नावं द्यायची. रिचर्ड फेल्डमनचं एल्म-सीएसएस, म्हणजे सीएसएसच पण एल्मच्या फंक्शनांमध्ये. मॅथ्यू ग्रिफिथचं एल्म-यूआय, त्यात सीएसएस विसरायचं आणि रांग, स्तंभ, अंतर एवढंच बोलायचं. नाहीतर टेलविंड, म्हणजे सीएसएसचे तयार छोटे छोटे क्लास.

माझा कल भाषेच्या आत आणण्याकडे आहे. ज्यांनी फंक्शनल भाषेत वेब ॲप चालवलंय, मग ती एल्म असो की दुसरी, त्यांनी अनुभव सांगावा. शेतकऱ्यांचे फोन स्वस्तातले आहेत आणि रेंज येते-जाते, हे लक्षात ठेवून सांगा.

वर्धेचा वाटसरू

भाऊ, साधी सीएसएस फाईल ठेवा.

होकोन व्ह्यूम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव १९९४ मध्ये मांडला, पहिलं प्रमाण १९९६ मध्ये आलं. तेव्हा लिहिलेले नियम आजचा ब्राउझर वाचतो. एल्मचा कंपायलर ०.१९.१ वर आहे, तो ऑक्टोबर २०१९ चा. कंपायलर स्थिर आहे हे चांगलंच, पण त्याच्याभोवतीची पॅकेजेस एकेका माणसाच्या वेळेवर चालतात. उद्या तुम्ही नसलात आणि कंपनीने दुसरा कोणी आणला, तर त्याला सीएसएस येत असण्याची शक्यता एल्म-यूआय येत असण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

क्लासचं नाव चुकण्याची भीती असेल तर सगळी नावं एका मॉड्यूलमध्ये स्थिरांक म्हणून लिहा. व्ह्यूमध्ये कुठेही अवतरणात नाव लिहायचं नाही, असा नियम. टायपिंगची चूक मग कंपायलर पकडतो. एकाच वेळी दोन-तीन क्लास चालू-बंद करायचे असतील तर क्लासलिस्ट फंक्शन एल्ममध्येच आहे. आणखी काय पाहिजे?

संत्रा बहार (वरूड)

वाटसरू, तुमच्या युक्तीने नाव बरोबर आहे एवढंच कळतं. त्या नावाचा नियम सीएसएस फाईलमध्ये आहे की कोणी काढून टाकला, हे कळत नाही. उलटंही तेच. फाईलमधला एखादा नियम आता कोणी वापरतं का, हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून कोणी काढत नाही आणि फाईल वाढत जाते. भाषेच्या आत आणलं की न वापरलेलं फंक्शन एल्म ०.१९ शेवटच्या फाईलमध्ये घेतच नाही.

मी एल्म-यूआय वापरते. आमच्याकडे मृग आणि आंबिया बहाराच्या नोंदी ठेवायचं ॲप आहे. सीएसएसमध्ये मांडणीचा विचार करताना आई (बाहेरची पेटी) काय सांगते, मूल (आतली पेटी) काय सांगतं, मार्जिन (पेटीबाहेरचं अंतर) कोणाचं, फ्लेक्स कोणाचा, हे सगळं डोक्यात धरावं लागतं. एल्म-यूआयमध्ये मार्जिन नाहीच. आतलं अंतर पॅडिंगने, मुलांमधलं अंतर आईच्या स्पेसिंगने. एखादी पेटी उचलून दुसऱ्या पानावर नेली तर ती तशीच दिसते, कारण तिला बाहेरून काही चिकटत नाही. फंक्शनल भाषेत आपण हेच मागतो नं, की फंक्शन त्याच्या इनपुटवरून समजावं?

आणि गोष्ट मध्यभागी आणायची असेल तर सेंटर-एक्स, सेंटर-वाय. बस.

झिरो माइल

मध्यभागी आणायचं असेल तर नागपूरला या. बाकी लायब्रऱ्या लागतच नाहीत.

दर्यापूरकर

झिरो माइल, हे वाचून ऑफिसात हसलो.

संत्रा ताईंचा पहिला मुद्दा पूर्ण मान्य, पण त्यावर एल्म-सीएसएस मला जास्त सरळ वाटतं. प्रत्येक गुणधर्म फंक्शन आहे. जिथे लांबी पाहिजे तिथे रंग दिला तर कंपाइल होत नाही. होव्हर (बाण वर आल्यावरचं रूप), मीडिया क्वेरी (पडद्याच्या मापाप्रमाणे वेगळे नियम), प्रिंट, सगळं आत लिहिता येतं. एल्मच्या मूळ एचटीएमएल पॅकेजमधलं स्टाइल फंक्शन वापरलं तर ते थेट एलिमेंटवर बसतं, तिथे होव्हर आणि मीडिया क्वेरी शक्यच नाही. एल्म-सीएसएस तुमच्या स्टाइलवरून क्लासचं नाव स्वतः तयार करतं आणि पानात स्टाइल टॅग घालतं, म्हणून नावांची टक्कर होत नाही.

मोठा फायदा असा की ज्याला सीएसएस येतं त्याला नवीन काही शिकावं लागत नाही. एल्म-यूआयमध्ये जुनं विसरून नवीन शिकायचं असतं, आणि कधी त्याच्या चौकटीबाहेरचं काही हवं झालं की मागच्या दाराने पुन्हा सीएसएसच आणावं लागतं.

पुसद ते पुणे

टेलविंड का नको? पुण्यात आमच्याकडे एल्म आणि टेलविंड दोन्ही आहे, तक्रार नाही. क्लासची यादी ठरलेली, अंतराच्या पायऱ्या ठरलेल्या, त्यामुळे एकाने १३ पिक्सेल आणि दुसऱ्याने १५ असं होत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. टेलविंड तुमच्या फाईली मजकूर म्हणून वाचतं आणि जी क्लासची नावं अख्खी सापडतात तेवढीच तयार करतं. एल्मचा कोड ते चालवून पाहत नाही. म्हणून रंगाचं नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून पुढे जोडून क्लास बनवला, तर तो क्लास सीएसएसमध्ये येणारच नाही, आणि एल्मवाल्या माणसाला असं जोडायची सवय फार. त्यापेक्षा केस लिहायची आणि प्रत्येक फांदीत पूर्ण नाव. टप्प्याचा कस्टम टाइप आहेच तुमच्याकडे, ते सहज होईल. टेलविंडच्या तिसऱ्या आवृत्तीत कुठल्या फाईली वाचायच्या त्या सेटिंगमध्ये एल्मच्या फाईलींचा उल्लेख करायला विसरू नका.

टाइपची शिस्तही हवी असेल तर एल्म-टेलविंड-मॉड्यूल्स नावाचं साधन आहे. ते टेलविंडच्या क्लासांची एल्म-सीएसएसमधली फंक्शनं तयार करून देतं.

जुना रिॲक्टवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २०१९ नंतर नवी आवृत्ती न आलेल्या भाषेत गावातल्या कंपनीचं रोजचं काम टाकणं मला पटत नाही. जावास्क्रिप्टची रिॲक्ट लायब्ररी घ्या, टाइपस्क्रिप्ट घ्या, माणसं मिळतात.

कापूसकोंड्या

रिॲक्टवाले दादा, राग नाही. माणसं मिळतात ती नागपूर, पुण्यात. राळेगावात जो आहे त्यालाच शिकवावं लागतं, आणि शिकवायला मला ही भाषा सोपी पडली. आवृत्ती बदलत नाही म्हणून मागच्या हंगामातला कोड या हंगामात जसाच्या तसा कंपाइल होतो. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे हंगाम सुरू झाला की कोड बघायला कोणाला उसंत नसते, हे फार मोलाचं आहे.

धाग्याचा विषय दिसण्याचा आहे, तिकडेच राहू.

इंद्रावती (गडचिरोली)

विषयाच्या जवळचंच सांगतो. मी एलिक्सिर भाषेतलं फिनिक्स लाइव्हव्ह्यू हे वेब ॲपचं साधन वापरलं. तेही फंक्शनल, आणि फिनिक्स १.७ पासून टेलविंड सोबतच येतं, त्यामुळे दिसण्याचा प्रश्न पहिल्या दिवशीच सुटला. पण लाइव्हव्ह्यूमध्ये पान बदलतं ते सर्व्हरशी उघड्या असलेल्या जोडणीवरून. आमच्याकडे अहेरीच्या पुढे गेलं की ती जोडणी तुटते आणि बटण दाबून काही होत नाही. कापूसकोंड्या भाऊंचा एल्मचा निर्णय त्या दृष्टीने बरोबर आहे, सगळं फोनमध्येच चालतं.

रेंज लक्षात घेऊन एक सांगतो. वेगळा वेबफॉन्ट पाठवू नका. अँड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी नोटो असतोच. तोच वापरला तर पान लवकर उघडतं आणि अक्षरं आधी एका वळणाची, मग दुसऱ्या वळणाची अशी उडी घेत नाहीत.

अक्षरवेडी (अमरावती)

इंद्रावती दादांनी फॉन्ट काढला म्हणून लिहिते, कारण या धाग्यात सगळे लायब्ररीवर बोलत आहेत आणि मजकूर मराठी आहे हे कोणी बोललंच नाही. लायब्ररी निवडताना हा प्रश्न पहिला विचारायला हवा.

देवनागरीत अक्षराच्या वर आणि खाली बरंच काही असतं. रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार वर. उकार, ऋकार, खाली जोडलेला र आणि अर्धी-पूर्ण जोडाक्षरं खाली. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो. एल्म-यूआय प्रत्येक एलिमेंटला ओळीची उंची १ देतं. परिच्छेदात स्पेसिंग दिलं तर ओळी सुटतात, पण एका ओळीच्या पेटीत, जिथे बाहेर जाणारं कापायला सांगितलं आहे, तिथे "कृष्णा" चा ऋकार किंवा "ट्रॅक्टर" ची चंद्रकोर छाटली जाते. शेतकऱ्याचं नाव अर्धवट दिसलेलं त्याला चालणार नाही. त्यामुळे एल्म-यूआय घेतलं तर पेटीला वरखाली पॅडिंग द्या आणि मजकूर कापणं टाळा. साध्या सीएसएसमध्ये वा एल्म-सीएसएसमध्ये मूळ पानालाच ओळीची उंची दीड ते पावणेदोन ठेवली की बहुतेक काम होतं.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचं फंक्शन तिन्हीकडे आहे, त्याला हातही लावू नका. इंग्रजी मथळ्यात ते शोभतं. आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मथळे सगळे मोठ्या लिपीत करणारा गुणधर्मही देवनागरीला लागू होत नाही. म्हणजे परदेशी नमुन्यांत ठळकपणा आणायच्या ज्या दोन नेहमीच्या युक्त्या असतात त्या गेल्या. आपल्याकडे आकार, जाडी आणि मोकळी जागा यांवरच भिस्त.

आणि पानाच्या मूळ टॅगला भाषा मराठी आहे हे लिहाच. ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात, तिथे ब्राउझर ते तेव्हाच निवडतो. न लिहिल्यास हिंदी वळण येतं. पुष्कळांना फरक सांगता येत नाही, पण आपल्या शाळेतल्या पाटीवरचं अक्षर दिसलं की माणूस जास्त विश्वासाने वाचतो, असं मला मनापासून वाटतं.

संत्रा बहार

अक्षरवेडी ताई, ओळीच्या उंचीचं अगदी खरं. मी सगळ्या मजकुरासाठी स्वतःचं एक फंक्शन केलंय, त्यात पॅडिंग आधीच आहे. थेट टेक्स्ट कोणी वापरायचं नाही. फंक्शनल भाषेची हीच गंमत आहे, उपाय एकदा लिहिला की सगळीकडे तोच लागतो.

बांधावरचा

राजेहो, मी प्रोग्रामर नाही, शेतकऱ्यायसोबत काम करतो. पण हे ॲप ज्याईच्या हातात जाणार हाय, त्याईले मी रोज पायतो, म्हणून बोलतो.

माणूस काट्यावर दुपारच्या उन्हात उभा रायते. फोनच्या काचेवर ओरखडे, वरून धूळ. त्याच्यात तुम्ही फिक्कट राखाडी अक्षरं देता, बारीक बारीक. दिसतच नाही काही. तो मंग हाताची सावली करते, नाहीतर शेजारच्याले फोन देते, "पाय बरं बाप्पा, काय लिवलं?" आपल्या चुकाऱ्याचा आकडा दुसऱ्याले वाचाले द्या लागते, हे बरं नाही.

तुम्ही कोन्तीही लायब्ररी घ्या. अक्षर मोठं पाहिजे, काळं पाहिजे, आन् आकडा सगळ्यात मोठा पाहिजे. बटण बोटाएवढं पाहिजे, काऊन की कापूस येचून बोटं खरबडलेली असतात.

दर्यापूरकर

बांधावरचा भाऊ, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

आणि इथेच मला स्टाइल भाषेच्या आत असण्याचा खरा उपयोग दिसतो. रंग ही जर एल्ममधली व्हॅल्यू असेल, तर उन्हात दिसेल की नाही हे गणिताने तपासता येतं. वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ सांगितलंय, वरच्या पातळीसाठी ७. सूत्र छोटं आहे. लाल, हिरवा, निळा यांची किंमत आधी सरळ रेषेत आणायची, मग अनुक्रमे ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ ने गुणून बेरीज. दोन्ही रंगांच्या बेरजांत ०.०५ मिळवून मोठीला लहानीने भागायचं.

उदाहरण घ्या. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा राखाडी ४.५४ देतो, म्हणजे पास. ७७७७७७ घेतला की ४.४८, नापास. डोळ्याला दोन्ही सारखेच. भर उन्हासाठी मी ७ च धरीन, म्हणजे पांढऱ्यावर राखाडी ५९५९५९ पेक्षा फिका नको.

हे फंक्शन लिहा, तुमच्या सगळ्या रंगजोड्यांची यादी करा, आणि एल्म-टेस्टमध्ये प्रत्येक जोडी ७ च्या वर आहे का ते तपासा. कोणी कितीही घाईत रंग बदलला तरी टेस्ट अडवेल.

वर्धेचा वाटसरू

हे सीएसएस फाईलवरही एखादं साधन चालवून करता येतं.

दर्यापूरकर

येतं, पण कुठला मजकूर रंग कुठल्या पार्श्वभूमीवर पडतो हे फाईलवरून ठरवणं कठीण, ते पान उघडल्यावरच कळतं. इथे रंगजोडी हाच एक टाइप करता येतो: पार्श्वभूमी आणि तिच्यावरचा मजकूर नेहमी सोबत. मॉड्यूलमधून तो टाइप बाहेर द्यायचा, पण बनवायचं साधन द्यायचं नाही. मग व्ह्यू लिहिणाऱ्याला ठरलेल्या जोड्यांपैकीच एक घ्यावी लागते. टेस्टमधून न गेलेली जोडी ॲपमध्ये येण्याचा रस्ताच नाही.

वर्धेचा वाटसरू

हे मात्र पटलं. टाइप अशा ठिकाणी वापरलेला मला आवडतो.

कंसातला माणूस

क्लोजरस्क्रिप्ट या दुसऱ्या फंक्शनल भाषेतून सांगतो. आमच्याकडे गार्डन नावाचं आहे, त्यात स्टाइल म्हणजे साधे व्हेक्टर आणि मॅप. हॅस्केल भाषेवाल्यांचं क्ले आहे. दोन्हींत स्टाइल भाषेतच लिहायची, पण बिल्डच्या वेळी, म्हणजे ॲप तयार करतानाच, त्यातून सीएसएस फाईल तयार करून घेता येते. ॲप चालताना काही गणित होत नाही आणि स्वस्त फोनवर भार पडत नाही. एल्ममध्ये एल्म-सीएसएस आणि एल्म-यूआय दोन्ही व्ह्यू काढताना फोनवरच नियम तयार करतात. पंधरा-वीस गोष्टींच्या पानावर फरक कळणार नाही. हंगामाच्या सगळ्या गाड्यांची यादी एकाच पानावर दिली तर कळेल.

संत्रा बहार

हो, लांब यादीत एल्म-यूआय जड जातं, मी नाकारत नाही. लेझी वापरलं की बरंच सुसह्य होतं. मॉडेलमधला तो भाग बदलला नसेल तर एल्म ती ओळ पुन्हा काढत नाही. पण लेझीला दिलेली व्हॅल्यू तीच असली पाहिजे, नुसती सारखी चालत नाही. दर वेळी नवा रेकॉर्ड बांधून दिला तर काही उपयोग नाही.

पुसद ते पुणे

आणि एल्म-यूआयमध्ये मीडिया क्वेरी नाहीत हेही सांगा ताई. पडद्याची रुंदी मॉडेलमध्ये ठेवायची, ती बदलली की कळवणारं सबस्क्रिप्शन लावायचं, सुरुवातीची रुंदी फ्लॅगमधून, म्हणजे ॲप सुरू होतानाच, द्यायची. म्हणजे फोन आडवा केला की अख्खा व्ह्यू पुन्हा.

संत्रा बहार

तो मला दोष वाटत नाही. फोन आहे की संगणक हे मॉडेलमध्ये आलं की त्यावर केस लिहिता येते, आणि फोनवर पूर्ण वेगळी मांडणी देता येते. काट्यावरचा संगणक आणि शेतकऱ्याचा फोन यांना नाहीतरी वेगळीच पानं लागणार आहेत.

तिसरी पाळी

दोन खड्डे दाखवतो, दोन्ही मी कामात पाहिलेले.

पहिला. एल्मच्या स्टाइल फंक्शनने सीएसएस व्हेरिएबल लावता येत नाही, म्हणजे दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी नावं. कंपाइल होतं, चालतं, पण ब्राउझरमध्ये किंमत बसतच नाही. कारण एल्म आतून ज्या पद्धतीने स्टाइल लावतो त्या पद्धतीने ब्राउझर व्हेरिएबल घेत नाही. ॲट्रिब्यूट फंक्शनने अख्खी स्टाइल मजकूर म्हणून दिली की चालतं. त्याच एलिमेंटवर मग स्टाइल फंक्शन वेगळं वापरू नका.

दुसरा. सर्व्हरवर सुरक्षेचं धोरण कडक असेल आणि पानात घातलेले स्टाइल टॅग त्यात बंद असतील, तर एल्म-सीएसएस आणि एल्म-यूआय दोन्हींचं रूप उडतं. तुमच्या संगणकावर सगळं छान आणि सर्व्हरवर उघडंबोडकं पान. सर्व्हर कोणाचा आणि त्याचं धोरण काय, हे लायब्ररी निवडण्याआधी विचारा. साध्या फाईलला आणि टेलविंडला ही अडचण येत नाही.

मेळघाट (धारणी)

आमच्याकडे बऱ्याच लोकांची घरची भाषा कोरकू आहे, मराठी वाचन हळू होतं. अशा वेळी रंग आणि चिन्ह यांचा आधार लागतो, पण एकट्या रंगावर सोडू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं प्रत्येक गावात असतात. ओलाव्याचंच घ्या. सरकारी हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून जास्त असेल तर माल परत. या तीन अवस्थांना तीन रंग, तीन चिन्हं आणि तीन छोटे शब्द, तिन्ही एकत्र द्या.

कस्टम टाइप असेल तर एकाच फंक्शनमधून तिन्ही बाहेर काढा. रंग एका फाईलमध्ये आणि शब्द दुसरीकडे असले की कोणीतरी एक बदलतो आणि दुसरं राहून जातं.

बांधावरचा

हे बरोबर बोलले भाऊ. आन् आकडे मराठीत द्या जी. म्हाताऱ्यायले तेच वाचता येतात.

इंद्रावती

पोरांना मात्र इंग्रजी आकडे सोपे जातात. निवडायची सोय द्या. ब्राउझरमध्ये मराठीसाठीचं संख्यालेखन आहे, ते देवनागरी अंक आणि लाखाच्या जागी स्वल्पविराम दोन्ही बरोबर देतं. एल्ममध्ये ते थेट मिळत नाही, कस्टम एलिमेंट, म्हणजे स्वतःचा एचटीएमएल टॅग, करून घ्या. क्विंटल आणि रुपयांचे स्तंभ उजवीकडे सरळ लागले पाहिजेत, त्यासाठी अंकांची रुंदी समान ठेवणारा गुणधर्म लावा. फॉन्टमध्ये सोय असेल तर तो देवनागरी अंकांनाही लागतो.

कापूसकोंड्या

सगळे प्रतिसाद वाचून काढले, सोबतच्या मुलीलाही वाचायला दिले. आमचं असं ठरतंय.

मूळ पाया साध्या सीएसएस फाईलमध्ये: ओळीची उंची, फोनमधलाच फॉन्ट, अक्षराचा आकार, फॉर्मचे खोके, बटणाची उंची. हे डेटावर अवलंबून नाही, वर्षानुवर्षं बदलणार नाही आणि आमच्यानंतर येणाऱ्यालाही वाचता येईल. इथे वाटसरू भाऊंचं मानलं. तिसरी पाळी यांनी सांगितल्यावर सर्व्हरचं धोरण विचारलं. ते कडकच आहे आणि सैल करायला मी सांगणार नाही, पैशाचे आकडे आहेत त्यात. म्हणून एल्म-सीएसएस आणि एल्म-यूआय दोन्ही बाजूला ठेवले.

पण जे गाडीच्या अवस्थेवरून ठरतं, ते एल्मच्या आत. अवस्था हा कस्टम टाइप, आणि एकाच फंक्शनमधून रंगजोडी, चिन्ह आणि शब्द तिन्ही. रंगजोडीचा टाइप बंद मॉड्यूलमध्ये, दर्यापूरकर दादांनी सांगितला तसा. रंगांच्या किमती एल्ममध्ये एकाच जागी राहतील, बिल्डच्या वेळी त्यांच्यावरून छोटी सीएसएस फाईल तयार होईल, ही कल्पना कंसातला माणूस यांच्या गार्डनवरून घेतली. टेस्ट त्याच किमतींवर चालते. आतापर्यंत ठरवलेल्या जोड्यांवर चालवली, तेव्हा "कपात" साठी घेतलेला नारिंगी त्यात नापास झाला. गडद तपकिरी घेतला, तो पास आहे.

कल भाषेच्या आत आणण्याकडे होता आणि अजून आहे, फक्त काय आत आणायचं ते आता नेमकं कळलं. राहिला प्रश्न पावतीचा. काट्यावर ५८ मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर आहे. पावती ॲपमधूनच छापायची आहे. कोणी केलंय का?

दर्यापूरकर

प्रिंटसाठी मीडिया क्वेरी तुमच्या साध्या फाईलमध्ये लिहा. ५८ च्या कागदावर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटरच असते, त्याच हिशोबाने मांडणी करा. समास शून्य. स्वस्त प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, म्हणून प्रिंटरला थेट मजकूर पाठवू नका. ब्राउझरच्या छपाईतून, म्हणजे चित्र म्हणून जाऊ द्या.

अक्षरवेडी

थर्मलवर बारीक जाडीच्या रेषा तुटतात, वेलांट्या आधी जातात. पावतीला मध्यम किंवा ठळक वजन घ्या आणि ओळीची उंची पडद्यापेक्षा कमी करू नका, कागद वाचवायचा मोह होतो तिथे. नाव, निव्वळ वजन आणि रक्कम या तीन ओळी बाकीच्यांपेक्षा मोठ्या.

मेळघाट

आणि पावतीवर रंग येत नाही, तेव्हा अवस्थेचा शब्द आणि चिन्ह छापलंच पाहिजे. तुमचं फंक्शन तिन्ही देतंच आहे, छपाईत त्यातला रंग तेवढा सोडा. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर ब्राउझर छापताना बहुधा पार्श्वभूमी गाळतो आणि पांढऱ्यावर पांढरं राहतं. प्रिंटच्या नियमांत अक्षर काळं करून घ्या, आणि "ट्रॅक्टर", "कृष्णा", "दुर्गा" अशी नावं घालून एक पावती काढून पाहा.